केकचा भाव किलोवर नाही, मजुरीवर ठरव

शिरपूरहून एका मुलीने विचारलंय: "ताई, कोर्स करून चार महिने झाले. घरच्यांसाठी आठ-दहा केक केले, सगळ्यांना आवडले. आता शेजारच्या काकूंनी नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला दीड किलोचा ट्रॅक्टरचा केक सांगितलाय, वर छोटा ट्रॅक्टर हवा. गावातल्या बेकरीत साधा केक ४०० रुपये किलोने मिळतो. मी ७०० सांगणार होते, पण आई म्हणते जास्त होतील. किती सांगू?"

तुझ्या ट्रॅक्टरचा हिशेब शेवटी मांडून देते. त्याआधी तुझी वाट थोडी बदलायची आहे, कारण तू बेकरीच्या किलोवरून निघालीस आणि तिथूनच पुढचं सगळं चुकतं. माझंही चुकलं होतं.

मी जळगावची. आपल्याकडे सराफाच्या दुकानात बसलेली बाई भाव कशी विचारते ते आठव. सोन्याचा त्या दिवसाचा भाव बोर्डावर लिहिलेला असतो, त्यावर कोणी वाद घालत नाही. ती विचारते, "मजुरी किती?" दहा ग्रॅमची साधी पाटली आणि दहा ग्रॅमचाच नाजूक जाळीचा हार, वजन तेवढंच, पण मजुरीत केवढा तरी फरक. तो फरक तिला मान्य असतो. हीच बाई घरी येऊन केकच्या बाबतीत मात्र विचारते, "किलोला काय घेतेस?" यात तिची चूक नाही. आपण घरी केक करणाऱ्या बायकांनीच स्टेटसवर 'चॉकलेट ५५० किलो, बटरस्कॉच ५०० किलो' असे तक्ते टाकून तिला तशी सवय लावलीय.

बेकरीचा ४००चा केक हा वेगळाच माल आहे. तिथला कारागीर सकाळी एकदम तीस-चाळीस स्पंज काढतो, क्रीम मोठ्या मशीनमध्ये फेटतो आणि एक केक दहा मिनिटांत सजवून काचेत ठेवतो. ज्याला तयार केक हवा त्याला तोच घेऊ दे. त्याच्या भावाशी तुला बरोबरी करता येणार नाही आणि करायचीही नाही. काकू तुझ्याकडे आल्या कारण बेकरीवाला ट्रॅक्टर करून देत नाही.

आता माझी फजिती ऐक. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी सावद्याच्या एका केळीवाल्या काकांच्या साठीचा केक आला होता. दोन किलो, आणि वर केळीचा अख्खा घड. त्यांच्या सुनेने खूप प्रेमाने सांगितलं, मीही हरखून गेले. माझा भाव तेव्हा ६०० रुपये किलो होता, म्हणून एका क्षणात १२०० सांगून मोकळी झाले. घडात चाळीस केळी बसली. फॉन्डंटचं, म्हणजे कणकेसारख्या मळलेल्या साखरेच्या गोळ्याचं, एकेक केळ वळायचं, त्याला कडा काढायच्या, देठाकडे हिरवट आणि टोकाला काळसर रंग ब्रशने लावायचा, यात प्रत्येकी सहा मिनिटं गेली. म्हणजे चार तास नुसती केळी. दांडा, जोडणी आणि वरची छटा यात आणखी दीड तास. खालच्या केकला चार तास. शिवाय जळगावहून सावदा, भुसावळवरून जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, नवऱ्याच्या मागे मोटरसायकलवर, मांडीवर खोका आणि प्रत्येक गतिरोधकाला "हळू, हळू" असा जप. ते अडीच तास. केक एकदम झकास पोचला. काकांनी घडाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "माल चांगला भरलाय." आयुष्यात इतकी दाद मिळाली नव्हती.

रात्री वही काढली. केकचं सामान ५६०, फॉन्डंट ८०० ग्रॅमचे २४०, रंग वगैरे ४०, पेट्रोल १८०. एकूण १०२०. हातात राहिले १८० रुपये, तास झाले बारा. ताशी पंधरा रुपये. निंदणीला गेलेली बाई याच्यापेक्षा जास्त घरी नेते, आणि तिला गॅसजवळ उभं राहावं लागत नाही. त्या रात्रीपासून मी किलोचा तक्ता फाडला.

त्याऐवजी काय करायचं? तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या: सामान, मजुरी आणि धंद्याचा वाटा. आधी सामान. स्वयंपाकघरातला वजनकाटा घे, नसेल तर विकत घे, कारण अंदाजाने सांगणाऱ्या बाया हमखास बुडतात. किलोचा एक साधा चॉकलेट केक कर, आणि करताना प्रत्येक गोष्ट मोजून लिही. माझ्या वहीतलं एक पान देते, त्यात तुझ्या गावच्या दुकानातले भाव घाल. एगलेस प्रीमिक्स (केकचं बिनअंड्याचं तयार पीठ) २५० ग्रॅम, १८० रुपये किलोने ४५. तेल ६. व्हिप क्रीम ३५० ग्रॅम, २२० रुपयांनी ७७. गनाशसाठी (चॉकलेट-क्रीमचं मिश्रण) कंपाउंड चॉकलेट १२० ग्रॅमचे ४८ आणि त्यातल्या क्रीमचे १३. साखरेचा पाक, इसेन्स ९. हे झाले १९८. सगळ्या जणी इथेच थांबतात आणि म्हणतात, "दोनशेत केक होतो, पाचशेला विकला, तीनशे सुटले." पण खोका ३०, खालचा बोर्ड १५, मेणबत्ती-सुरी ६, बटर पेपर ३ राहिले की. ओटीजी (छोटा ओव्हन), बीटर, फ्रिज मिळून विजेचे १२ धर. मग या सगळ्यावर दहा टक्के वाया जाण्याचे: वाटीला चिकटलेलं क्रीम, कापलेला स्पंजचा घुमट, फुटलेला बोर्ड. बेरीज साधारण २९०.

'वाया जाणं' हा शब्द आपल्या खानदेशात दुपटीने खरा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ला टेकतो. नॉन-डेअरी क्रीम फ्रीजरमधून काढून फ्रिजमध्ये हळूहळू वितळवावं लागतं आणि थंड असतानाच फेटावं लागतं. ते कोमट झालं की कितीही फेट, उभं राहत नाही. एकदा वितळलेलं परत गोठवलं तर पुढच्या वेळी फुगत नाही, पाणी सुटतं. म्हणून दुपारी लाइट गेली आणि चार तास आली नाही की दोन पाकिटं गेलीच समज. उन्हाळ्यात मी वायाचे टक्के दहावरून पंधरा करते, भांड्याखाली बर्फाची परात ठेवते आणि ग्राहकाला साफ सांगते की क्रीमचा केक दुपारी बारा ते पाच बाहेर न्यायचा नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, पोरांना सुट्ट्या असतात, भाच्यांचे वाढदिवस मामाकडेच होतात. ऑर्डरी भरपूर येतात, आणि नेमकं तेव्हाच क्रीम रडवतं. त्या दिवसांतला बर्फ, थर्माकोलचा खोका आणि जास्तीचं क्रीम हा सामानाचा खर्च आहे, तुझं नशीब नाही.

आता मजुरी. इथे मुली सगळ्यात जास्त लाजतात. घड्याळ लावून एकदा मोज. मिश्रण आणि साच्याची तयारी ३० मिनिटं, क्रीम फेटणं १५, थर कापून भरणं आणि पहिला पातळ लेप ४०, वरची सजावट ५०, पॅकिंग आणि फोटो १५, भांडी-ओटा ३०, सामान आणणं आणि ग्राहकाशी मेसेज-मेसेज खेळणं ३०. केक ओव्हनमध्ये असतानाचा वेळ मी धरलेला नाही, तेव्हा तू भाजी निवडतेस. तरी साडेतीन तास झाले. "मेसेजचे काय पैसे?" असं वाटेल. पण 'नाव इंग्रजीत की मराठीत', 'दादू की दादूडी', 'रंग जरा फिका' हे सगळं अर्धा तास खातंच.

ताशी किती? आजूबाजूला पाहा. शिवणकाम करणारी, शिकवण्या घेणारी, मेंदी काढणारी बाई तुझ्या गल्लीत तासाला किती मिळवते ते विचार. नवीन असशील तर ६० ते ८० रुपयांत कुठेतरी धर. तुझ्यासाठी मी ७० धरते. साडेतीन तासांचे २४५.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, काही जणींना पटणार नाही. तू शिकाऊ आहेस म्हणून जो जास्तीचा वेळ लागतो तो ग्राहकाच्या माथी मारू नकोस. मला ट्रॅक्टरला तीन तास लागतील, तुला पाच लागतील, दोनदा चाक मोडेल. पैसे तीन तासांचेच घे. वरचे दोन तास ही तुझी शिकण्याची फी. पण उलटं करू नकोस, म्हणजे "मी अजून शिकतेय" म्हणून तीनच्या जागी शून्य तास लावायचे नाहीत. आणि सामानाच्या खाली तर कधीच उतरायचं नाही.

तिसरा धंद्याचा वाटा. सामान आणि मजुरीच्या बेरजेवर १५ टक्के. बीटर जळतो, नोझल हरवतात, टर्नटेबल कुरकुरायला लागतं, एखादा केक फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. हे पैसे त्यासाठी, त्यांची साडी घ्यायची नाही. २९० आणि २४५ मिळून ५३५, त्यावर ८० धरले की ६१५. किलोचा साधा केक ६२० रुपये. वहीतलं हे पान तोंडपाठ असलं की कोणी "एक किलोना इतला पैसा?" म्हटलं तरी आवाज कापत नाही. पारोळ्याकडच्या एका आजींनी मला अगदी हेच विचारलं होतं. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून वाचलं, 'भांडी-ओटा ३०' वर बोट ठेवून हसल्या आणि पैसे दिले.

याच हिशेबाने अर्धा किलो काढून बघ. सामान १६५, कारण खोका, बोर्ड, वीज जवळपास तेवढीच लागते. वेळ पावणेतीन तास, १९०. पंधरा टक्के धरून ४१०च्या आसपास. म्हणजे अर्धा किलो हा किलोच्या निम्म्या भावात बसतच नाही. नव्या मुली ६२०चे अर्धे ३१० सांगतात आणि अर्ध्या किलोच्या ऑर्डरीच जास्त येतात, म्हणून महिनाभर राबूनही डब्यात काही साठत नाही. उलट दोन किलोला सामान ५६० आणि साडेचार तासांचे ३१५ धरले तर हजारात बसतं, किलोला ५०० पडले. सूट द्यायचीच असेल तर मोठ्या केकवर दे, तिथे ती खरंच परवडते.

आता फोटो पाठवणारे. इन्स्टावरचा तीन मजली फोटो येतो, खाली लिहिलेलं असतं, "असाच, एक किलोत, ५०० बजेट." चिडू नकोस, त्यांना खरंच माहीत नसतं. बजेट सांगितलं हे उलट चांगलं. मी उत्तर देते, "पाचशेत याच रंगांचा अर्ध्या किलोचा क्रीमचा केक होईल, वर नावाचा कागदी टॉपर लावते. फोटोतला केक तीन किलोच्या खाली उभा राहत नाही." भाव तोच ठेवायचा, काम कमी करायचं. फॉन्डंटच्या बाहुलीऐवजी खाता येणारा फोटो प्रिंट, हाताने केलेल्या फुलांऐवजी क्रीमची फुलं. एकदा तोच केक कमी पैशात दिलास की ती गोष्ट हळदी-कुंकवाला सगळ्या गल्लीत पोचते, आणि मग तोच तुझा भाव.

फॉन्डंटबद्दल इतकंच, की किलोच्या केकला पूर्ण झाकायचं तर अर्ध्या किलोच्या आसपास फॉन्डंट लागतं, आणि खाली गनाश किंवा बटरक्रीमचा लेप हवा. व्हिप क्रीमवर ते घसरतं, फ्रिजमधून काढल्यावर घामेजतं. हे सगळं जास्तीचं सामान आणि जास्तीचे तास. पहिल्या वर्षात पूर्ण फॉन्डंटचे केक घेऊच नकोस असं माझं मत. वरच्या छोट्या आकृत्या पुरे.

नातेवाईक हे वेगळंच प्रकरण. मामी, आत्या, जाऊबाई, नणंदेची सासू, सगळ्यांना 'घरचाच' भाव हवा असतो. पहिले काही केक सामानाच्या किमतीत दे, हरकत नाही, तुझा हात बसतो आणि फोटो मिळतात. पण चिठ्ठीवर पूर्ण रक्कम लिही आणि खाली सूट दाखव: ६२०, घरची सूट ३००, बाकी ३२०. नुसते ३२० सांगितलेस तर मामी दहा जणींना सांगेल की आमची पोरगी सव्वातीनशेत किलोचा केक देते, आणि त्या दहाही जणी तुझ्या दारात येतील. चिठ्ठी दाखवलीस तर मामी सांगेल, "बाहेर सहाशे वीस घेते, मला कमीत दिला." दोन्ही वेळा तुझ्या हातात पैसे तेवढेच आले, पण दुसऱ्या वेळी मामीने तुझी जाहिरात केली.

निम्मे पैसे आगाऊ घे, तेही ऑर्डर पक्की करताना. नाव, तारीख, वेळ, वजन, चव, एगलेस, केकवरचा मजकूर असं एकाच मेसेजमध्ये लिहून त्यांच्याकडून 'हो' घे. 'श्रेयस'चा 'श्रेयश' झाला तर चूक कोणाची हे तिथेच दिसतं. बाहेरगावी केक द्यायचा असेल तर जाण्या-येण्याचं पेट्रोल आणि वेळ वेगळा लाव, हातात देताना खोका उघडून दाखव, फोटो काढ. त्यानंतर तो त्यांच्या गाडीच्या डिकीत उन्हात राहिला तर तुझी जबाबदारी नाही, हेही आधीच सांग. नम्रपणे, पण सांग.

एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी काढ. छोट्या घरगुती धंद्याला फी मामुली असते, मी काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये होती. मिळालेला १४ आकडी नंबर खोक्यावर आणि चिठ्ठीवर छाप.

भाव वर्षातून एकदा पाहा. २०२४मध्ये जगात कोकोचे भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेले होते, आणि ती झळ आपल्या गावच्या चॉकलेटच्या लादीपर्यंत पोचली. माझ्या ओळखीच्या कितीतरी बाया तेव्हाही जुन्याच तक्त्यावर केक देत बसल्या, कारण ग्राहक काय म्हणतील. ग्राहक गॅस सिलिंडरचा नवा भाव ऐकून घेतात, तुझाही ऐकतील. आठ-पंधरा दिवस आधी सांगायचं, आणि ठरलेल्या तारखेपासून सगळ्यांना एकच भाव लावायचा.

बरं, तुझा ट्रॅक्टर. दीड किलो केकचं सामान ४२०. ट्रॅक्टरला फॉन्डंट ४०० ग्रॅम, १२०. रंग आणि आधाराच्या काड्या २०. झाले ५६०. केकचे चार तास, ट्रॅक्टरचे तीन, सात तासांचे ४९०. बेरीज १०५०, धंद्याचा वाटा धरून १२००. तू ७०० सांगणार होतीस, म्हणजे सामान वजा जाता १४० उरले असते. सात तासांचे. ताशी वीस रुपये. माझ्या केळीच्या घडापेक्षा पाच रुपये जास्त, एवढंच.

काकूंना १२०० सांग आणि गप्प राहा. लगेच "पण तुमच्यासाठी कमी करते" असं पुढे जोडू नकोस, ही नव्या मुलींची फार मोठी खोड. त्यांना जास्त वाटले तर दुसरा पर्याय तयार ठेव: बाजारातला १२०चा खेळण्यातला ट्रॅक्टर आण, साबणाने धुऊन कोरडा कर, छोट्या गोल बोर्डवर बसवून केकवर ठेव, भोवती चॉकलेटच्या चुऱ्याची नांगरलेली जमीन आणि क्रीमची हिरवी रोपं. सामान ४२०, ट्रॅक्टर १२०, चार तासांचे २८०, वाटा धरून ९५०ला बसतो. खरं सांगायचं तर वर्षाच्या पोराला हाच जास्त आवडेल, केक संपल्यावर ओढत फिरवता येईल.

पण आधी काकूंना विचार, ट्रॅक्टर कोणत्या रंगाचा. त्यांच्या घरी जो उभा असेल तोच रंग लागणार, आजोबा बाकी काही चालवून घेणार नाहीत. लाल निघाला तर फॉन्डंटमध्ये रंग आदल्या रात्रीच मळून, झाकून ठेव. लाल रंग मुरल्यावर गडद होतो. सकाळी घाईत मळायला बसलीस तर गुलाबी ट्रॅक्टर घेऊन काकूंच्या दारात उभी राहशील.